बेरिंग गेलंय

आप्पांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि चांगलं मिनिटभर मन लावून ऐकलं. मे महिना होता, २०१८. कारखान्याचा सीझन संपलेला, त्यामुळे ते दुपारचे घरी होते. मी त्यांना गॉरगट्स नावाच्या कॅनडातल्या बँडचा 'ऑब्स्क्युरा' हा अल्बम ऐकवत होतो. का, ते आता नीट आठवत नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आपल्याला जे आवडतं ते बापाला पण आवडलंच पाहिजे असं वाटण्याचं एक वय असतं, बहुतेक ते.

त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि निदान सांगितलं.

"बेरिंग गेलंय. मशीन बंद करा म्हणावं लगीच, न्हायतर शाफ्ट पण जाईल."

आई आत भाकरी थापत होती, ती हसली. मीही हसलो. पण आप्पा हसत नव्हते. ते एका साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होते आणि बेरिंग ही त्यांच्यासाठी चेष्टेची गोष्ट नव्हती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. चांगल्या बेरिंगचा आवाज एकसारखा, तुपासारखा. बिघडायला लागलेलं बेरिंग आधी अधूनमधून खाकरतं, मग दळायला लागतं. हे त्यांनी मला लहानपणी घरच्या पाण्याच्या मोटरवर करून दाखवलं होतं. त्यामुळे तो शेरा नुसती टिंगल नव्हता, हे कळायला मला आणखी तीन वर्षं लागली.

मी ज्या संगीताबद्दल लिहितोय त्याला डिसोनंट डेथ मेटल म्हणतात. डेथ मेटल हेच मुळात कमी लोक ऐकतात, त्यातला हा आणखी चिंचोळा बोळ. आमच्या इस्लामपुरात हे ऐकणारे किती असतील? मी धरून दोन. दुसरा माझा हॉस्टेलवरचा मित्र, आणि तो मूळचा सोलापूरचा, त्यामुळे तसा एकच.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. एका सीनिअरच्या हार्ड डिस्कमध्ये पिक्चर, गेम आणि गेटच्या नोट्सच्या मधोमध 'मेटल' नावाचं फोल्डर होतं. मेटालिका, आयर्न मेडन वगैरे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि आधी महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरणारी पोरं रात्रभर यूट्यूबवर पडून राहायला लागली. यूट्यूबचा ऑटोप्ले हा माझा गुरू. त्याने मला मेटालिकावरून मेशुगावर नेलं आणि एका रात्री अडीच वाजता गॉरगट्सवर आणून सोडलं. पहिल्यांदा वाटलं फाइल खराब आहे. दोन गिटार एकमेकींचं ऐकतच नव्हत्या. एक कण्हत होती, दुसरी पत्र्यावर खिळा ओढत होती. मी बंद केलं. दुसऱ्या दिवशी लेक्चरला बसलो असताना तो पत्र्यावरचा खिळा डोक्यात पुन्हा वाजायला लागला, आणि या वेळी त्याला एक चाल होती.

'ऑब्स्क्युरा' १९९८ साली आला, पण त्यातलं बरंचसं संगीत त्याच्या काही वर्षं आधीच तयार होतं. १९९३ च्या अल्बमनंतर बँडला कंपनी उरली नव्हती. ल्यूक लेमे आणि त्याचे मित्र क्विबेकमध्ये बसून, कोण छापणार हे माहीत नसताना, ही असली गाणी बसवत होते. मला या गोष्टीचं फार वाटतं. कोणी मागितलेलं नाही, कोणी घेणार नाही, आणि तरी इतकं काटेकोर काम. पुढे या लेमेने २०१३ च्या 'कलर्ड सँड्स'मध्ये, तिबेटवरच्या अल्बमच्या मधोमध, नुसत्या गजाने वाजणाऱ्या वाद्यांसाठी एक तुकडा लिहिला. बेरिंगबिरिंग काही नाही. ज्याला गोड वाजवता येतं तो मुद्दाम कडू वाजवतोय, हे एकदा कळलं की ऐकण्याची नजर बदलते.

आता इंजिनिअर असल्यामुळे थोडं फिजिक्स. कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा, पण मजा आहे.

दोन स्वर अगदी जवळजवळ असले की त्यांच्या लाटा कधी एकमेकींना उचलतात, कधी पाडतात, आणि आवाज थरथरतो. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तिच्या लगतचा वरचा स्वर ८७ वेळा. दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला पाचेक हेलकावे येतात, जुन्या एसटीच्या खिडकीसारखे. तेच वर ४४० आणि ४६६ ला केलं तर सेकंदाला सव्वीस. इतके हेलकावे कानाला वेगवेगळे मोजता येत नाहीत, त्याचा खरखरीतपणा होतो. हेल्महोल्ट्झने हे १८६३ मध्येच लिहून ठेवलंय. त्यात डिस्टॉर्शनची भर घाला. अँपने लाटेचं डोकं छाटलं की दोन स्वरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवेच स्वर जन्माला येतात. ११० आणि १६५, म्हणजे सा आणि प, एकत्र वाजवले तर वजाबाकी ५५, बेरीज २७५. सगळे ५५ च्या पाढ्यातले, एका घरचे. म्हणून रॉकवाले आयुष्यभर सा-प वाजवतात आणि ते भारदस्त वाटतं. पण ११० बरोबर ११६.५ वाजवा. वजाबाकी साडेसहा, बेरीज २२६.५. कोणाचा कोणाशी पाढा जुळत नाही. घरात नको ते पाहुणे येतात आणि जातच नाहीत. डिसोनंट मेटलवाले या पाहुण्यांनाच मुख्य जेवायला बसवतात.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं वाटत असेल तर आमच्या भागाकडे या. इस्लामपूरपासून तास-सव्वा तासावर मिरज. तिथली सतार आणि तंबोरा करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोष्टीमागे आहेत, जवारी. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते. ती इतक्या बारीक उताराने घासतात की तार तिला जाता-जाता चाटून जाते, आणि वर सुताचा धागा सरकवून तो चाटण्याचा नेमका बिंदू शोधतात. धागा काढला तर आवाज कोरा, ठणठणीत येतो. धागा जागेवर बसला की तार गुणगुणायला लागते, तिच्यातून वरचे स्वर फुटतात. म्हणजे शुद्ध आवाजात मुद्दाम खरखर घालायची, आणि ती जमली की म्हणायचं तंबोरा सुरात लागला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मी ऑफिसच्या ग्रुपवर बातमी टाकून लिहिलं होतं, 'आमच्या जिल्ह्याचा डिस्टॉर्शन पेडल.' कोणालाही कळलं नाही. एकाने अंगठा दिला.

आणि विवादी स्वर? शब्दच आपला आहे. जुन्या शास्त्रात वादी राजा, संवादी त्याचा प्रधान, अनुवादी सेवक आणि विवादी शत्रू. पण शत्रूला दारात उभं करून राज्य चालवणारे राग आहेत. ललतमध्ये शुद्ध आणि तीव्र दोन्ही मध्यम शेजारी-शेजारी लावतात. मारव्यात सा टाळत राहतात, कोमल रिषभावर लटकवून ठेवतात, आणि मागे तंबोरा तर सगळा वेळ सा म्हणतोय. सूर्य मावळताना पोटात जे कालवतं ते त्या घासण्यातून येतं. मी काही गाणं शिकलेला माणूस नाही. पण मारवा पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा मला तो अनोळखी वाटला नाही, आणि त्याचं श्रेय किंवा दोष गॉरगट्सला.

तालाचंही तेच. मेशुगाचं 'ब्लीड' ऐकून लोक म्हणतात काही मेळ नाही. मेळ आहे. ड्रमरचा एक हात साधा चार-चारचा ठेका धरून असतो, आणि गिटार व पाय मिळून वेगळ्याच लांबीचा तुकडा त्यावर फिरवत राहतात. दोन्ही सुटतात, लांब जातात, ठरावीक आवर्तनांनंतर पुन्हा एका जागी येऊन आदळतात. तिहाई समेवर येते तेव्हा मैफिलीत माणसं जशी मान हलवतात तशी मेटलवाली पण हलवतात, फक्त मानेचा डॉक्टर लागेल इतक्या जोरात.

एक कबुली देतो. टेक्निकल डेथ मेटल म्हणून जे विकलं जातं त्यातलं निम्मं मला बोअर होतं. मिनिटाला हजार स्वर, सगळे बरोबर, सगळे धुतलेले. इंटरव्ह्यूमध्ये लीटकोडचे हार्ड प्रश्न फाडून येणारी पोरं असतात ना, पुढे चालू सिस्टिम पडली की ज्यांना काही सुचत नाही, तसं. आणि गोअरचा, बायकांना चिरण्याबिरण्याचा जो शब्दांचा राडा या जगात चालतो तो मी सोसतो म्हणण्यापेक्षा वाचत नाही, हे जास्त खरं. आवाज असा की शब्द कळत नाहीत, त्याची सोय होते. फिनलंडच्या डेमिलिचचा १९९३ चा 'नेस्पिथे' ऐका, गायक इतका खोल ढेकर दिल्यासारखा गातो की अल्बमवर लिहावं लागलं, आवाजावर कुठलंही यंत्र वापरलेलं नाही.

घरी या सगळ्याची चर्चा टी-शर्टवरून व्हायची. मुंबईच्या 'भयानक मौत' या बँडचा शर्ट मी पुण्याहून घेऊन आलो. बहुतेक मेटल बँडची नावं वाचताच येत नाहीत, गटस्लिटचा शर्ट बघून मावशीने बाभळीचं झाड का काढलंय म्हणून विचारलं होतं. पण हे नाव आईने वाचलं. "ह्ये घालून पंढरपूरला येणार तू?" गेलो नाही. शर्ट पुढे गाडी पुसायला गेला.

आवाजाबद्दल मात्र कोणी तक्रार करू नये. आमच्याकडे गणपतीत आणि उरुसात डॉल्बीच्या भिंती लागतात, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या आणि चार-चार स्पीकर घेऊन रात्री दोनला पेठ नाक्याकडनं जातात. त्या भिंतीसमोर नाचणारा चुलतभाऊ मला म्हणतो, "लका, काय कालवा ऐकतोयस."

मग २०२० आलं. मी पुण्यातून घरी पोचलो आणि जनता कर्फ्यूच्या दुसऱ्याच दिवशी, २३ मार्चला, इस्लामपुरात चार जणांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. आठवडाभरात आकडा पंचवीसच्या घरात. सगळ्या राज्याच्या टीव्हीवर आमचं गाव. गल्ल्यांना पत्रे लागले. पुण्या-मुंबईचे फोन यायचे, "अरे, तुमच्याकडे काय चाललंय?" महिन्याभरात बहुतेक जण बरे होऊन घरी गेले आणि 'इस्लामपूर पॅटर्न' म्हणून कौतुकही झालं. पण त्या दिवसांत जी शांतता होती ती मी त्या गावात कधी ऐकली नव्हती. ट्रॅक्टर नाही, डॉल्बी नाही, वडाप नाही. एप्रिलच्या शेवटी न्यूझीलंडच्या अल्सरेटचा नवा अल्बम आला. तीनच माणसं, ऑकलंडची. नाव 'स्टेअर इन्टू डेथ अँड बी स्टिल'. मरणाकडे बघ आणि स्थिर राहा. मी तो गच्चीवर झोपून पहिल्यांदा ऐकला आणि तेव्हा तो मला सुंदर वाटला. कारण तेव्हा मरण टीव्हीतल्या आकड्यात होतं.

पुढच्या वर्षी ते घरात आलं. २०२१ चा एप्रिल, आप्पांचा ऑक्सिजन ८४. बेड कसा मिळाला, इंजेक्शनसाठी कोणकोण धावलं, ते सगळं सांगत नाही, त्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी हे झालं त्यांना पाठ आहे आणि ज्यांच्याकडे नाही झालं त्यांना सांगून कळणार नाही. एका छोट्या हॉस्पिटलात आप्पा आत, आणि दाराबाहेरच्या बाकावर मी. रात्री तिथे बसू द्यायचे. आत तीन बेड होते, तीन मॉनिटर.

दुसऱ्या रात्री माझ्या लक्षात आलं की तीन टीकटीक एकमेकींबरोबर फिरतायत. प्रत्येकाची नाडी वेगळी, म्हणून वेग वेगळा. मध्येच दोन जुळायच्या, दहाबारा ठोके बरोबर चालायच्या, मग एक पुढे निघून जायची. मी मोजायला लागलो. तेवढंच करता येत होतं. तिसऱ्या रात्री आणखी एक गोष्ट कळली. तिन्हींचा स्वरही सारखा नव्हता. सकाळी नर्सताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ऑक्सिजन उतरला की आवाज खाली येतो दादा. आम्हाला न बघता कळावं म्हणून." म्हणजे त्या खोलीत तीन माणसांची फुप्फुसं तीन स्वर धरून होती. आप्पांचा मधला. भिंतीकडच्या काकांचा त्याच्या किंचित खाली, इतका किंचित की दोन्ही एकत्र पडले की घासायचे. खिडकीकडचा सगळ्यात वर.

लोक मला गाणी पाठवत होते. सकारात्मक राहा म्हणून अभंग, बासरी, सनराइझचे व्हिडिओ. मन लावून पाठवलेलं, नावं ठेवत नाही. पण मला ते ऐकवेना. अभंग ऐकत मी मोठा झालोय, तरी त्या बाकावर ते सगळं कोणीतरी पाठीवर हात ठेवून 'होईल सगळं नीट' म्हटल्यासारखं लागायचं, आणि नीट होईल हे कोणालाच माहीत नव्हतं. मी अल्सरेट लावायचो, एकाच कानात, बारीक. दुसरा कान दाराकडे. त्या संगीतात कोणी काही कबूल करत नव्हतं. गिटार एका स्वरापाशी यायची आणि तिथे टेकायच्या आधी वळून जायची. ड्रम थांबत नव्हते. मला त्यात दुःखही ऐकू येत नव्हतं, नुसतं लक्ष ऐकू येत होतं, फार मोठं आणि न ढळणारं लक्ष. मला तेच हवं होतं. दुसऱ्या कानात आप्पांचा स्वर जरा उतरला की मी उठून काचेपाशी जायचो.

पाचव्या रात्री, साडेतीन-चारला, मला एकदम बरं वाटायला लागलं. काहीतरी स्वच्छ झालं होतं. कान मोकळे झाले होते. दोन स्वर, एक खाली, एक वर, छान जुळलेले, मेळ बसलेला. मी दोनेक मिनिटं तसाच डोळे मिटून बसलो. मग आत पावलांची धावपळ ऐकू आली आणि कळलं की घासणारा तिसरा स्वर बंद झालाय.

मी काचेकडे धावलो. आप्पांची छाती हलत होती. भिंतीकडचे काका होते ते. त्यांचा मुलगा खाली रिक्षात झोपला होता, त्याला उठवायला मीच गेलो.

त्या रात्रीनंतर गोड मेळ ऐकला की माझ्या पोटात जरासं काहीतरी होतं. याला सौंदर्यशास्त्र म्हणत नाहीत, मला माहितीये. लग्नात सनई लागते तेव्हाही होतं, आणि मी जेवणाच्या ताटाकडे बघत राहतो.

आप्पा सतराव्या दिवशी घरी आले. सोबत भाड्याचं ऑक्सिजनचं मशीन. ते रात्रभर चालायचं, गुर्र करून काही सेकंदांनी फुस्स, मग पुन्हा गुर्र. पहिल्याच रात्री त्यांनी नाकातल्या नळीसकट मान वळवून ऐकलं आणि म्हणाले, "फिल्टर घाण झालाय ह्याचा." मी उघडून बघितलं. झाला होता.

आप्पांचे कान आता पूर्वीचे नाहीत. इतकी वर्षं मिल हाऊसमध्ये गेलेल्या माणसाचे वरचे स्वर आधी जातात. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत नाही, चिमण्या येत नाहीत, मोटर मात्र दोन घरं पलीकडची येते. मी पुण्यात गिगला जातो तेव्हा कानात बोळे घालतो, ते त्यांनीच सांगितलं म्हणून. इतका पैसा देऊन जायचं आणि कान बंद करायचे, यावर आई अजून हसते.

मागच्या दिवाळीत रात्री गच्चीवर बसलो होतो. त्यांनी विचारलं, "ते तुझं बेरिंग गेलेलं अजून ऐकतोस काय?" मी हो म्हटलं. "दे बघू." मी अल्सरेट लावून दिलं. या वेळी त्यांनी मिनिटाला काढलं नाही. चार मिनिटं झाली, पाच झाली. मान एका बाजूला कललेली, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावल्यावर असायची तशी.

गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला नाही, फक्त एका कानावरून सरकवला.

"खालचं सगळं येतंय मला," ते म्हणाले. "पर वर पण काय तरी वाजतंय न्हवं? काय वाजतंय वर?"

मी गाणं पहिल्यापासून लावलं आणि गिटार कुठे वर जाते, कुठे फिरते, ते त्यांना हाताने दाखवायला लागलो.